तुमचे शेअर नेमके कोणाच्या खात्यात आहेत? कार्वी प्रकरण, ग्राहकाच्या खुर्चीतून

शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०१९. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंग या दलाली कंपनीविरुद्ध एकतर्फी अंतरिम आदेश काढला. नवे ग्राहक घ्यायचे नाहीत, आणि ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर कार्वीने पाठवलेली कोणतीही सूचना एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन्ही डिपॉझिटऱ्यांनी, म्हणजे शेअरच्या मालकीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थांनी, पाळायची नाही. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने कंपनीची तपासणी सुरू केली होती. तिचा प्राथमिक अहवाल सेबीच्या टेबलावर आला त्याच दिवशी हा आदेश निघाला. आरोप थोडक्यात असा: ग्राहकांचे शेअर कंपनीने स्वतःच्या डीमॅट खात्यात घेतले, बँका आणि वित्तकंपन्यांकडे गहाण ठेवले आणि त्यावर कर्ज उचललं. सुमारे ९५ हजार ग्राहक, सुमारे २,३०० कोटी रुपयांचे शेअर.

या प्रकरणावर तेव्हा भरपूर लिहून आलं. बहुतेक लिखाण सेबी, बँका आणि कंपनीचे प्रवर्तक यांच्याभोवती फिरत राहिलं. मला ते ग्राहकाच्या बाजूने उलगडून पाहायचं आहे. आदेश निघाला त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे २१ नोव्हेंबरला, कार्वीच्या एका साध्या ग्राहकाला फुकट मिळणाऱ्या साधनांतून काय काय दिसू शकत होतं? आणि त्याने ते का पाहिलं नसावं?

गुंतवणूकदाराची साधनं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेअर गाळून दाखवणारा स्क्रीनर येतो, तक्ते येतात, पीई आणि आरओसीई ही गुणोत्तरं येतात. कोणता शेअर घ्यावा या प्रश्नाची ती उत्तरं आहेत. घेतलेला शेअर खरोखर आपल्या नावावर आहे का, हा प्रश्न आपण विचारतच नाही, कारण उत्तर दलालाच्या अ‍ॅपवर हिरव्या अक्षरांत दिसत असतं. कार्वीच्या ग्राहकांनाही ते दिसत होतं.

नावाचा दबदबा

कार्वी काही गल्लीतली पेढी नव्हती. चार्टर्ड अकाउंटंटांनी १९८०च्या दशकात सुरू केलेला हा समूह होता आणि देशभर त्याच्या शाखा होत्या. आयपीओचे अर्ज, म्युच्युअल फंड, विमा, सगळं एका छताखाली. शिवाय याच समूहाची रजिस्ट्रार कंपनी कित्येक मोठ्या कंपन्यांच्या भागधारकांची नोंदवही सांभाळत होती. त्यामुळे लाभांशाच्या पाकिटावर कार्वी, फंडाच्या उताऱ्यावर कार्वी. ज्याने कधी दलालाचं तोंड पाहिलं नाही त्यालाही हे नाव ओळखीचं होतं. रजिस्ट्रारचा धंदा २०१९पर्यंत वेगळा होऊन दुसऱ्या मालकीखाली गेला होता आणि त्याचा या घोटाळ्याशी संबंध नव्हता. तरी आदेशानंतर म्युच्युअल फंडाचे गुंतवणूकदारही घाबरले. त्या कंपनीने डिसेंबर २०१९मध्ये नावच बदलून केफिन टेक्नॉलॉजीज करून घेतलं.

हे सांगायचं कारण असं की, ‘दलाल सेबीकडे नोंदलेला आहे का, ते आधी पाहा’ हा सल्ला आपण उठताबसता देतो. सल्ला योग्यच आहे, भुरट्यांना गाळायला तो पुरतो. पण कार्वी त्या चाळणीतून अगदी डौलात पार पडली असती. नोंदणी होती, दोन्ही बाजारांचं सदस्यत्व होतं, दोन्ही डिपॉझिटऱ्यांची सहभागी संस्था (ग्राहकांची डीमॅट खाती उघडून सांभाळणारी) म्हणून मान्यता होती. नोंदणी फक्त इतकंच सांगते की हा माणूस नियमांखाली येतो. तो ते पाळतो की नाही, हे त्या क्रमांकात लिहिलेलं नसतं.

शेअर घेतल्यावर तो कुठून कुठे जायचा

आपण एक ग्राहक कल्पूया. साताऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी कार्वीमार्फत एका आयटी कंपनीचे २०० शेअर घेतले, पूर्ण पैसे बँकेतून दिले. उधारी नाही, वायदे-ऑप्शनचा व्यवहार नाही, काही नाही.

तेव्हा व्यवहार टी प्लस दोन पद्धतीने, म्हणजे सौद्यानंतर दोन कामकाजी दिवसांनी, पुरे होत. सोमवारी घेतलेले शेअर बुधवारी क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून, म्हणजे बाजारातले सौदे पुरे करून देणाऱ्या संस्थेकडून, निघत आणि थेट बाईंच्या खात्यात न येता आधी दलालाच्या पूल खात्यात, सगळ्या ग्राहकांच्या सामाईक खात्यात, उतरत. तिथून ते ग्राहकाच्या डीमॅटमध्ये पाठवण्याची जबाबदारी दलालाची. ग्राहकाने पैसे दिले नसतील तर शेअर रोखून धरण्याची मुभा होती आणि त्यासाठी दलालांच्या नावाने वेगळी खाती असत. सगळी मेख या मधल्या मुक्कामात होती. पैसे न देणाऱ्यांचे शेअर जिथे ठेवायचे, तिथेच पैसे देणाऱ्यांचेही शेअर राहून गेले तर बाहेरून कोणाला कळणार?

दुसरी वाट मुखत्यारपत्राची. खातं उघडताना वीस-पंचवीस ठिकाणी सह्या होत, त्यातच एक मुखत्यारपत्र असे. शेअर विकल्यावर दरवेळी डिलिव्हरीची चिठ्ठी भरायला शाखेत यायला नको, दलालच खात्यातून शेअर काढून बाजाराला देईल, ही त्यामागची सोय. पण ज्या अधिकाराने विकलेला शेअर बाहेर काढता येतो, त्याच अधिकाराने न विकलेला शेअरही बाहेर जाऊ शकतो.

अशा वाटांनी शेअर कार्वीच्या नावाच्या खात्यात जमले की पुढचं सोपं होतं. डिपॉझिटरी कायदा १९९६चा. त्यानुसार डिपॉझिटरीच्या नोंदीत ज्याचं नाव लाभार्थी मालक म्हणून आहे तोच मालक. कर्ज देणाऱ्या बँकेने नोंद पाहिली, खातं कार्वीचं, शेअर कार्वीच्या खात्यात. गहाणाची नोंद करून घेतली आणि पैसे दिले. हे शेअर मुळात साताऱ्यातल्या कुणा बाईंचे आहेत असा शिक्का त्यांच्यावर नव्हता. बँकेने अधिक चौकशी करायला हवी होती की नव्हती, यावर पुढे चार वर्षं भांडण चाललं. ते पुढे येईलच.

जून २०१९मध्ये, म्हणजे आदेशाच्या पाच महिने आधी, सेबीने परिपत्रक काढून दलालांना बजावलं होतं: ग्राहकांचे शेअर बँका किंवा वित्तकंपन्यांकडे गहाण ठेवून पैसे उभे करायचे नाहीत आणि आधी ठेवले असतील ते सोडवून परत करायचे. सप्टेंबरअखेरची मुदत होती. हा धंदा एका कंपनीपुरता नव्हता, हे त्या परिपत्रकावरूनच उघड होतं. मुदत संपताना ज्यांच्याकडे सोडवायला पैसे नव्हते ते उघडे पडणार होतेच.

अंतरिम आदेशातली एक गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. आपल्याकडे कोणकोणती डीमॅट खाती आहेत आणि त्यांत किती शेअर आहेत, हे दलालांनी बाजाराला नियमित कळवायचं असतं. कार्वीने जानेवारी ते ऑगस्ट २०१९ या काळात एक खातं कळवलंच नव्हतं, ‘कार्वी स्टॉक ब्रोकिंग लि. (बीएसई)’ या नावाचं. म्हणजे नियामकाची नजरही दलालाने भरून दिलेल्या तक्त्यावरच होती. याच आदेशात असंही नमूद आहे की एप्रिल २०१६ ते ऑक्टोबर २०१९ या काळात निव्वळ १,०९६ कोटी रुपये समूहातल्या कार्वी रिअल्टीकडे वळवले गेले. शेअर बाजारातून निघालेला पैसा जमीनजुमल्यात, हा आपल्याकडचा जुना रस्ता.

बाईंच्या हातात काय काय होतं

आता २१ नोव्हेंबरला परत येऊ. बाईंकडे निरनिराळ्या ठिकाणांहून येणारी माहिती होती आणि तिची किंमत सारखी नव्हती.

सगळ्यांत ठळक म्हणजे दलालाचं अ‍ॅप आणि शाखेतून मिळणारा होल्डिंगचा छापील कागद. त्यावर २०० शेअर दिसत होते. दिसणारच, कारण ते दलालाच्या संगणकावरचं हिशेबाचं पान आहे. त्याच्या लेखी तो बाईंना २०० शेअर देणं लागतो, इतकाच त्याचा अर्थ. वाण्याच्या वहीत तुमच्या नावावर शंभर रुपये जमा आहेत म्हणून ते तुमच्या खिशात आहेत असं होत नाही. कॉन्ट्रॅक्ट नोट सौदा झाल्याचं सिद्ध करते, शेअर पोचल्याचं नाही. लेजरचं, म्हणजे दलालाकडच्या पैशांच्या जमाखर्चाचंही तसंच. तीन कागद असले तरी लिहिणारा हात एकच.

बाजाराकडून येणारा एसएमएस वेगळ्या हाताचा. सौदा झाला की संध्याकाळी एनएसई किंवा बीएसई परस्पर संदेश पाठवतात आणि त्यांच्या संकेतस्थळावर तो सौदा पडताळूनही पाहता येतो. तुमच्या नकळत कुणी तुमच्या खात्यात खरेदी-विक्री केली तर ते यातून कळतं. पण कार्वीत सौदा खराच झाला होता, त्यामुळे हा संदेश बाईंना दिलासाच देऊन गेला असता. कुठलं साधन कशाला चालतं हे माहीत नसेल तर साधन उलट झोप आणतं.

बाजाराकडून आणखी एक संदेश येतो आणि तो बहुतेक जण वाचत नाहीत: तुमच्या दलालाने कळवल्यानुसार तुमची रोख शिल्लक इतकी आणि शेअरची शिल्लक इतकी. ही पद्धत २०१६च्या सेबीच्या परिपत्रकानंतर आली. आकडा दलालाने भरलेला असतो, म्हणून हा स्वतंत्र पुरावा नव्हे. तरी त्याचा उपयोग आहे. जो दलाल तुम्हाला एक आकडा दाखवतो आणि बाजाराला दुसरा कळवतो, तो इथे सापडतो. शिवाय साताऱ्याच्या बाईंसारख्या ग्राहकाच्या बाबतीत, सगळे शेअर स्वतःच्या डीमॅटमध्ये असतील तर दलालाकडे शेअरची शिल्लक शून्यच यायला हवी. तिथे २०० असा आकडा आला तर तो दिलासा समजू नये. शेअर दलालाकडे अडकले आहेत, असा त्याचा अर्थ.

आणि मग तो दस्तऐवज, ज्यात सगळं उघड होतं: डिपॉझिटरीचा एकत्रित खातेउतारा, ज्याला सगळे सीएएस म्हणतात. २०१५पासून तो पॅन असलेल्या प्रत्येक डीमॅट खातेदाराला मिळतो. तुमची सगळी डीमॅट खाती आणि म्युच्युअल फंड एकत्र, पॅनच्या आधारे. महिन्यात काही व्यवहार झाला असेल तर पुढच्या महिन्यात येतो, नसेल तर सहामाही. ईमेलने येणारी पीडीएफ पॅन क्रमांक कॅपिटल अक्षरांत टाकला की उघडते. दलालाचा या उताऱ्यात हात नाही; तो थेट एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येतो.

बाईंनी तो उघडला असता तर दोनपैकी एक चित्र दिसलं असतं. पहिलं, त्या आयटी कंपनीचं नावच नाही. म्हणजे शेअर पूल खात्यातून पुढे सरकलेच नाहीत. दुसरं, शेअर एकदा आले आणि नंतर बाहेर गेले. व्यवहारांच्या भागात वजा नोंद, बाजारातल्या विक्रीशिवायची, समोरचं खातं दलालाचं. अशा नोंदीला ऑफ मार्केट म्हणतात. विकलेलं काही नसताना अशी नोंद दिसली की दुसरा पुरावा शोधायची गरज उरत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडायला हवी. वायदे-ऑप्शन करणाऱ्यांना त्या काळी असल्या नोंदींची सवय होती. मार्जिन म्हणून, म्हणजे सौद्याची हमी म्हणून, शेअर दलालाच्या खात्यात हलवणं तेव्हाच्या पद्धतीत बसत होतं. त्यामुळे त्यांच्या उताऱ्यावरची वजा नोंद पाहून शंका येणं अवघड होतं. सीएएस त्यांना ‘शेअर दलालाकडे आहेत’ एवढंच सांगू शकत होता, ‘दलालाने पुढे बँकेकडे ठेवलेत’ हे नाही. दलालाच्या खात्यात पुढे काय होतं ते ग्राहकाच्या उताऱ्यावर उमटत नाही. म्हणून बाईंसारख्या रोखीच्या ग्राहकाला हे साधन जितकं उपयोगी, तितकं सट्टेवाल्याला नव्हतं.

मग रोखीच्या ग्राहकांनी तरी ते का पाहिलं नाही? माझ्या मते कारणं अगदी घरगुती आहेत. खातं उघडताना ईमेल पत्ता मुलाचा दिलेला, किंवा शाखेतल्या मुलाने स्वतःचाच टाकलेला. मोबाइल क्रमांक सब-ब्रोकरचा, म्हणजे दलालाच्या स्थानिक प्रतिनिधीचा. हा प्रकार इतका बोकाळला होता की एकच क्रमांक अनेक ग्राहकांना लावू नये म्हणून सेबीला नियम करावा लागला. डिपॉझिटरी शेअर बाहेर गेल्यावर एसएमएस पाठवते खरी, पण तो चोराच्याच फोनवर वाजला तर? ज्यांचा पत्ता बरोबर होता त्यांना दर महिन्याची पीडीएफ म्युच्युअल फंडाच्या जाहिरातींमध्ये हरवलेली. आणि उघडलीच तर आठ-दहा पानं इंग्रजीत, रकान्यांची नावं वकिली.

लाभांश कुठे पडतो ते पाहा

सीएएस न उघडताही या गोष्टीचा सुगावा लागू शकतो, आणि तो मार्ग कुठल्याच गुंतवणूक-मार्गदर्शनात ठळकपणे सापडत नाही म्हणून त्यावर थोडं थांबतो.

कंपनी लाभांश देते तो रेकॉर्ड डेटला, म्हणजे त्यासाठी तिने ठरवलेल्या दिवशी, डिपॉझिटरीच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याला. शेअर बाईंच्या खात्यात असते तर लाभांश कंपनीकडून थेट त्यांच्या बँकेत आला असता, पासबुकात कंपनीच्या नावाने. शेअर कार्वीच्या खात्यात असतील तर लाभांश कार्वीला गेला असता आणि मग, वाटलं तर, बाईंच्या लेजरमध्ये जमा दाखवला गेला असता. म्हणून कसोटी सोपी: लाभांश पासबुकात येतो की दलालाच्या लेजरमध्ये? लेजरमध्ये येत असेल तर ते शेअर कायद्याच्या नजरेत तुमचे नाहीत. निवृत्त माणसं पासबुक भरून आणण्यात तत्पर असतात. हे साधन त्यांच्या हातात आधीपासून होतं.

वार्षिक सभेच्या नोटिशीचंही हेच. भागधारकांच्या ठरावांवर ऑनलाइन मतदानासाठी जी सूचना येते ती नोंदीतल्या मालकाला येते. कंपनी आपली भागधारक म्हणून दखलच घेत नाही, वार्षिक अहवाल नाही, मतदानाची लिंक नाही, तर का नाही हे विचारावं.

आज यात आणखी एक साक्षीदार वाढला आहे. एप्रिल २०२०पासून लाभांशावर कर भागधारकाच्या हातात लागतो आणि नोव्हेंबर २०२१पासून प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, दिसतं. त्यात लाभांश कंपनीनिहाय येतो, शेअरची विक्री येते आणि ऑफ मार्केट देवाणघेवाणही येते. आपण एआयएस फक्त जुलैमध्ये, विवरणपत्र भरताना, कर चुकतोय का म्हणून धास्तीने उघडतो. तिथे अनोळखी ऑफ मार्केट नोंद दिसली तर ती कराच्या पलीकडची बाब आहे.

सोमवार, २ डिसेंबर

आदेशानंतर दहा दिवसांनी एनएसडीएलने कार्वीच्या खात्यातले शेअर मूळ ग्राहकांच्या खात्यांत परत फिरवले. ९५ हजारांपैकी ८२,५५९ ग्राहकांना. ज्यांच्याकडे कार्वीची देणी बाकी होती ते मागे राहिले; पैसे भरल्यावर त्यांचे मिळायचे होते. त्याच दिवशी दोन्ही बाजारांनी कार्वीचा व्यवहाराचा परवाना निलंबित केला. आपल्या कल्पनेतल्या बाईंसारख्यांना, म्हणजे ज्यांनी पूर्ण पैसे दिले होते त्यांना, शेअर मिळाले. भारतात दलाल बुडाल्याच्या इतिहासात एवढी जलद सुटका विरळाच. सेबीच्या वाट्याला दोष पुष्कळ येतात, पण हे श्रेय तिचं.

पण गहाण शेअर परत गेल्यावर कर्ज देणाऱ्यांच्या हातात काय उरलं? एचडीएफसी, आयसीआयसीआय, इंडसइंड, अ‍ॅक्सिस या बँका आणि बजाज फायनान्स. त्यांनी रोखे अपील न्यायाधिकरणाकडे धाव घेतली: आमच्या नावे गहाणाची नोंद कायदेशीर झाली होती, ती न विचारता कशी पुसली? डिसेंबर २०२३मध्ये न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिपॉझिटरीची नोंद हाच मालकीचा पुरावा, हे तत्त्व लावलं की निकाल तर्काला धरून वाटतो. म्हणूनच तो सामान्य भागधारकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढच्या वेळी शेअर दलालाच्या नावावर सापडले तर नियामक पुन्हा दहा दिवसांत ते फिरवून देईल, यावर विसंबता येणार नाही.

कंपनीचं पुढे काय झालं ते भराभर सांगतो. नोव्हेंबर २०२०मध्ये एनएसईने तिला डिफॉल्टर जाहीर करून काढून टाकलं. २०२१मध्ये डीमॅट खाती आयआयएफएल सिक्युरिटीजकडे आणि व्यवहाराची खाती अ‍ॅक्सिस सिक्युरिटीजकडे सोपवली गेली. ऑगस्ट २०२१मध्ये हैदराबाद पोलिसांनी अध्यक्षांना अटक केली. एप्रिल २०२३मध्ये सेबीने कंपनी आणि अध्यक्ष यांना सात वर्षं बाजारबंदी आणि मिळून २१ कोटींचा दंड केला.

खाती दुसऱ्या कंपनीकडे जाण्यात ग्राहकाची एक वेगळीच तारांबळ असते. सहभागी संस्था बदलली की खात्याचा क्रमांक बदलतो, लॉगिन नवं घ्यावं लागतं, आणि जुन्या दलालाचं संकेतस्थळ बंद पडलं की जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटा आणि लेजर तिथेच राहतात. पाच वर्षांपूर्वी शेअर कितीला घेतला होता, हे भांडवली नफ्याच्या हिशेबाला लागतं आणि डिफॉल्टरविरुद्धच्या दाव्यालाही लागतं. ज्यांनी पीडीएफ आपापल्या संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या त्यांचं काम भागलं. वर्षातून एकदा, मार्चअखेर, लेजर, कॉन्ट्रॅक्ट नोटा आणि सीएएस उतरवून ठेवायला अर्धा तास पुरतो.

यानंतर दारं बंद झाली, पण सगळी नाहीत

कार्वीनंतर नियम खरोखर बदलले. सप्टेंबर २०२०पासून मार्जिनसाठी शेअर दलालाच्या खात्यात पाठवावे लागत नाहीत. ते तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात, त्यांच्यावर गहाणाची खूण पडते आणि त्यासाठी डिपॉझिटरी तुम्हाला थेट ओटीपी पाठवते. सर्वव्यापी मुखत्यारपत्राच्या जागी नोव्हेंबर २०२२मध्ये डीडीपीआय नावाचं मोजक्या कामांपुरतं अधिकारपत्र आलं. ते न देताही डिपॉझिटरीचा टी-पिन आणि ओटीपी टाकून शेअर विकता येतात. आणि फेब्रुवारी २०२५पासून घेतलेले शेअर क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून थेट ग्राहकाच्या डीमॅटमध्ये येतात. पूल खात्यातला तो मधला मुक्काम, जिथे बाईंचे २०० शेअर अडकू शकत होते, निघून गेला.

म्हणजे आता काही पाहायलाच नको? उलट, आता उतारा वाचणं सोपं झालं आहे, कारण पूर्वी दलालाच्या खात्यात दडणारी गोष्ट आता तुमच्याच उताऱ्यावर उमटते. सीडीएसएलच्या उताऱ्यात एकूण शिल्लक, गोठवलेली, गहाण आणि मोकळी असे रकाने असतात. एकूण आणि मोकळी शिल्लक सारखी नसेल तर मधला फरक कशाचा, हे तुम्हाला सांगता यायला हवं. हल्ली हा फरक बऱ्याचदा एमटीएफमुळे, म्हणजे दलालाच्या उधारीवर शेअर घेण्याच्या सोयीमुळे पडतो. अ‍ॅपवर खरेदीच्या बटणाशेजारी ‘चौपट घ्या’ अशा थाटाचा पर्याय असतो, तो दाबला की दलाल उरलेले पैसे व्याजाने देतो आणि घेतलेले शेअर त्याच्याकडे गहाण पडतात. पर्याय कशाचा आहे ते न वाचता दाबणाऱ्याला आपण कर्ज काढलंय हे व्याज कापलं गेल्यावर समजतं. यात फसवणूक नाही. सगळं नियमांत आहे आणि सही तुमचीच आहे.

महिन्याच्या उताऱ्याची वाट पाहायचीही गरज नाही. सीडीएसएलची ईझी आणि एनएसडीएलची आयडीयाज या दोन्ही सेवा फुकट आहेत. तिथे नोंदणी केली की ताजी शिल्लक दिसते, दलालाला न विचारता. नोंदणी करतानाच डिपॉझिटरीकडे तुमचा मोबाइल आणि ईमेल कोणता आहे हे उघड होतं. दुसऱ्या कुणाचा असेल तर तो बदलून घेणं हे त्या दिवसाचं पहिलं काम. आईवडिलांची खाती ज्यांच्या हाताखालून जातात त्यांनी हे आवर्जून करावं. त्या पिढीची खाती शाखेत बसून उघडलेली आहेत.

रोख रकमेच्या बाबतीत मात्र डिपॉझिटरी आंधळी आहे. तिला फक्त शेअर दिसतात. दलालाच्या लेजरला पडून असलेले पन्नास हजार कुठल्याच सीएएसमध्ये येत नाहीत. त्यांच्यावरचा पहारा म्हणजे बाजाराचा तो शिल्लक सांगणारा एसएमएस, आणि ठरावीक काळाने खातं चुकतं करण्याचा नियम. तुम्ही निवडल्याप्रमाणे महिन्याला किंवा तिमाहीला दलालाने न वापरलेली रक्कम बँकेत परत पाठवायची असते. तिमाही उलटून गेली, लेजरला जमा आहे, सौदे चालू नाहीत आणि तरी पैसे आले नाहीत, तर दलालाच्या अनुपालन अधिकाऱ्याला ईमेल करावा, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रार-पोर्टलवर तक्रार, तिथेही समाधान झालं नाही तर ऑनलाइन तंटा-निवारणाचं ओडीआर पोर्टल. फोनवर तक्रार करू नये. तिचा पुरावा उरत नाही.

दलाल डिफॉल्टर ठरला तर बाजाराचा गुंतवणूकदार संरक्षण निधी ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई देतो. पण तो निधी बाजारातल्या व्यवहारातून आलेलं देणं भरतो. ‘शेअर आमच्याकडे ठेवा, महिन्याला दीड टक्का सुटेल’ अशा बोलीवर दिलेले शेअर किंवा पैसे त्यात बसत नाहीत, मग दलाल नोंदणीकृत असो, शाखा बाजारपेठेत मोक्याच्या जागी असो की बोली करणारा मेव्हण्याचा वर्गमित्र असो.